सीआरपी-ईएसआर करायला निघालात? आधी हे वाचा, मग रक्त द्या

परवा एक मामा सकाळी सातलाच लॅबच्या शटरपाशी येऊन बसलेले. पहिल्या एसटीनं आले, पोटात रात्रीपासून काही नाही, चहासुद्धा घेतला नव्हता. म्हणले, "सीआरपी करा वं, ताप हाय का नाई ते बगायचंय." आता ताप बघायला थर्मामीटर असतंय आणि सीआरपीला उपाशी यावं लागत नाही. म्हणजे मामा दोन गोष्टी चुकून आले आणि तिसरी चूक रिपोर्ट हातात पडल्यावर करणार होते, ती म्हणजे तो घेऊन डॉक्टरकडं न जाता सरळ मेडिकलवर जाणं.

मी तालुक्याच्या ठिकाणी लॅबमध्ये रक्त काढतो, रिपोर्ट छापून देतो. रोज खिडकीतून त्याच त्याच गोष्टी सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं क्रमानं लिहून काढलंय. कोणतं औषध घ्यायचं ते यात नाही, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. टेस्टचे पैसे वाया जाऊ नयेत आणि आकडा बघून उगाच घाबरू नये, किंवा उगाच निर्धास्त होऊ नये, एवढ्यासाठी हे.

आधी एवढं डोक्यात घ्या

शरीरात कुठंही दाह झाला, मग तो जंतूमुळं असो, मार लागून असो, संधिवाताचा असो नाहीतर ऑपरेशनच्या जखमेचा, की लिव्हर सीआरपी नावाचं प्रथिन भराभर बनवून रक्तात सोडतं. ते मोजायचं म्हणजे सीआरपी टेस्ट. ईएसआरमध्ये रक्त उभ्या नळीत ठेवतात आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघतात. दाह असला की रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन वाढतं, पेशी एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात.

दोन्ही टेस्ट म्हणजे शेतवस्तीवरचं कुत्रं समजा. रात्री भुंकायला लागलं की कोणीतरी आलंय एवढं कळतं. चोर आला, कोल्हा आला का पावणा आला, ते बॅटरी घेऊन बाहेर गेल्याशिवाय कळत नाही. आणि कधीकधी चोर येऊनही कुत्रं झोपलेलं असतं, त्याबद्दल खाली सांगतो.

टप्पा १: कशासाठी करताय ते ठरवा

चिठ्ठी असेल तर डॉक्टरांना एकच विचारा, "याच्यातून काय बघायचंय?" उत्तर साधारण असं काहीतरी येईल: आजार माहितीय, औषध लागू पडतंय का बघायचंय. ऑपरेशन झालंय, आत पू तर होत नाही ना बघायचंय. सांधे दुखतायत, ते झिजेचं दुखणंय का दाहाचं त्याचा अंदाज पाहिजे. छातीत कफ झालाय आणि अँटिबायोटिक द्यायचं का नाही यावर मन ठरत नाही.

या शेवटच्या कामासाठी ब्रिटनमध्ये २०१४ सालच्या न्यूमोनियाच्या सूचनांत आकडे दिले होते. मोठ्या माणसाला छातीचा संसर्ग आहे पण तपासून न्यूमोनिया आहे का नाही ते पक्कं होत नाही, अशा वेळी सीआरपी लिटरमागं २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर नेहमीसारखं अँटिबायोटिक देऊ नका, २० ते १०० मध्ये असेल तर चिठ्ठी देऊन ठेवा आणि तब्येत बिघडली तरच सुरू करायला सांगा, १०० च्या वर असेल तर द्या. माणूस तपासून झाल्यावर, शंका उरली तर वापरायचा आकडा आहे तो. आपल्याकडं उलटं चालतं, आधी सीआरपी आणि मग छातीला स्टेथोस्कोप, तेही लागला तर.

उत्तरच नसेल, म्हणजे "अशक्तपणा वाटतोय, एकदा सगळंच चेक करून टाकू" असं असेल, तर या दोन टेस्ट राहू द्या. बरं वाटत असताना केलेल्या ईएसआरमधून थोडा वाढलेला आकडा निघतो आणि मग त्या आकड्याच्या मागं माणूस तीन महिने हिंडतो.

टप्पा २: सीआरपी का ईएसआर, ते समजून घ्या

सीआरपी चपळ आहे. दाह सुरू झाला की साधारण सहा तासांत वाढायला लागतं, दोन दिवसांच्या आसपास सगळ्यात वर जातं, आणि कारण मिटलं की दर १९ तासांनी जवळपास निम्मं होत उतरतं. ईएसआर सुस्त आहे. चढायलाही वेळ लावतो आणि माणूस बरा होऊन कामाला लागला तरी कित्येक आठवडे वरच राहतो. म्हणून ताप, न्यूमोनिया, ऑपरेशन अशा दिवसादिवसाला बदलणाऱ्या गोष्टीत सीआरपी बघायचं, ईएसआर रेंगाळणाऱ्या दुखण्यात कामाचा.

ईएसआरचं अजून एक नखरं आहे, ते आपल्या भागात फार महत्त्वाचं. रक्त कमी असलं की दाह नसतानाही ईएसआर वाढतो. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन ८-९ असतं, त्यांचा ईएसआर ४०-४५ आला की घरचे म्हणतात टीबी झाला. अहो आधी हिमोग्लोबिन बघा! गरोदरपणात वाढतो, वयानं वाढतो, किडनीच्या आजारात वाढतो. उलट सिकलसेल असेल तर पेशींचा आकारच वेगळा, त्या नीट खाली बसत नाहीत आणि ईएसआर खोटाच कमी येतो.

वयाचा ढोबळ हिशोब असा: पुरुषाला वयाच्या निम्मा, बाईला वयात १० मिळवून त्याच्या निम्मा. म्हणजे ६० वर्षांच्या आजीला ३५ पर्यंत चालून जातो. रिपोर्टवर छापलेली ० ते २० ची रेंज बघून आजीला तालुक्यावरून लातूरला आणि लातूरवरून पुण्याला पळवायची गरज नाही.

तपासा: ईएसआर सांगितला असेल तर सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची टेस्ट, आहे ना? नसेल तर डॉक्टरांना विचारा, कारण हिमोग्लोबिनशिवाय ईएसआर वाचणं म्हणजे पाऊस न विचारता पिकाचा अंदाज सांगणं.

टप्पा ३: रक्त देण्याआधी खिडकीतच सांगायच्या गोष्टी

उपाशी राहायची गरज नाही. सोबत शुगर किंवा लिपिड (रक्तातली चरबी) सांगितलं असेल तर मात्र त्याच्यासाठी उपाशी या. रक्तात चरबी फार असली की सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, दुधासारखं दिसतं आणि काही मशिनींना त्रास होतो, तेव्हा लग्नाच्या पंगतीतून उठून थेट येऊ नका, बाकी चहा-पोहे चालतात.

त्यापेक्षा हे सांगा, कोणी विचारलं नाही तरी सांगा:

ताप किंवा दुखणं कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झालं. गेल्या महिन्याभरात ऑपरेशन, बाळंतपण, अपघात, भाजणं झालं का. दाढ दुखतीय का, हिरड्यातून पू येतोय का (हे कोणीच सांगत नाही, आणि सीआरपी वाढायला तेवढंही पुरतं). गरोदर आहात का. लिव्हरचा आजार आहे का. गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणती औषधं पोटात आहेत. स्टिरॉइड चालू असेल तर सीआरपी दबलेलं येतं. इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलतो. गुडघेदुखीवर बाजारात, जत्रेत पुड्या मिळतात, "जडीबुटीच्या हायत, साइड इफेक्ट नाई" म्हणून. तीन दिवसांत म्हातारी नाचायला लागली तर अशा काही पुड्यांत स्टिरॉइड कुटून घातलेलं असण्याचा संशय धरायलाच पाहिजे. अशी पुडी खाऊन सीआरपी केलं की आकडा छान येतो, आणि सांध्यातला दाह आत तसाच राहतो. लाजू नका, पुडी खिशात घालून आणा आणि डॉक्टरांना दाखवा. मात्र बरेच दिवसांची पुडी किंवा स्टिरॉइडची गोळी टेस्टसाठी म्हणून आपल्या मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

टप्पा ४: वेळ साधा

सगळ्यात जास्त फसगत इथं होते. रात्री दहाला थंडी वाजून ताप आला, बारा वाजता सीआरपी केलं, ४ आलं, सगळे निवांत झोपले. अहो अजून लिव्हरनं काम सुरूच केलं नाही! पहिल्या काही तासांतला नॉर्मल सीआरपी म्हणजे काहीच कळलं नाही असं धरा. अपेंडिक्सचं दुखणं सुरू होऊन चार तास झाले आणि सीआरपी नॉर्मल, म्हणून पोराला घरी घेऊन जाणं ही चूक महागात पडते. पोट हाताला कडक लागतंय का, ते डॉक्टरांनीच बघावं लागतं.

ऑपरेशननंतर उलटी चूक होते. चाकू लागला म्हणजे सीआरपी वाढणारच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते सगळ्यात वर असतं, गुडघा बदलला असेल तर शंभरच्या चांगलंच वर, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. बघायचं असतं ते तिसऱ्या दिवसानंतर उतरतंय का. उतरता उतरता परत चढायला लागलं तर टाके कितीही कोरडे दिसले तरी सर्जनला दाखवा.

थांबा: मोठ्या पॅकेजमध्ये जे एचएस-सीआरपी असतं ते वेगळं. तेच प्रथिन, पण बारीक पातळीवर मोजलेलं, धडधाकट माणसाच्या हृदयाच्या जोखमीचा अंदाज घ्यायला. १ च्या खाली कमी जोखीम, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. सर्दी-खोकला चालू असताना ते करायचंच नाही. १० च्या वर आलं तर हृदयाचा विचार बाजूला ठेवून आधी संसर्ग शोधतात आणि दोन आठवड्यांनी परत करतात.

टप्पा ५: सॅम्पलकडं लक्ष ठेवा

सीआरपीचं रक्त लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या नळीत जातं, अर्धा तास गोठू देऊन फिरवतात आणि वरचं सीरम घेतात. ईएसआरला काळं किंवा जांभळं टोपण. काळ्या नळीत सायट्रेटचं द्रव आधीच भरलेलं असतं, चार भाग रक्ताला एक भाग, म्हणून खुणेपर्यंतच रक्त पाहिजे. कमी भरलं की हिशोब बिघडला. "कशाला एवढं रक्त काढायलाव" म्हणून हात ओढू नका.

ईएसआर फार नाजूक. नळी जरा तिरकी उभी राहिली, अगदी तीन अंश, तरी आकडा तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. टेबल हादरलं तरी वाढतो. खोली तापली तरी वाढतो. आता आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ डिग्री, त्यात लाइट गेलेली, कूलर बंद! ही चूक मी स्वतः केलीय, सुरुवातीच्या दिवसांत स्टँड खिडकीपाशी ठेवला होता आणि शेजारीच सेंट्रिफ्यूज (रक्त फिरवायचं मशिन) घरघर करत होतं, त्या दुपारी जो येईल त्याचा ईएसआर वाढलेला. पाचव्या रिपोर्टला डोक्यात प्रकाश पडला, मग सगळे परत लावले. तेव्हापासून स्टँड आतल्या थंड खोलीत, भिंतीतल्या फरशीवर.

तपासा: गावातून गोळा केलेलं रक्त दुपारी लॅबला पोचणार असेल तर सीआरपी टिकतं, ईएसआर टिकत नाही. साध्या खोलीत चार तासांच्या आत लावलाच पाहिजे. कलेक्शनवाल्याला विचारा, "लॅबला किती वाजता पोचतंय?" तो गाडीवर अजून तीन गावं फिरणार असेल तर ईएसआरसाठी स्वतः लॅबला जा.

टप्पा ६: रिपोर्ट वाचताना आकडा शेवटी बघा

आधी तारीख आणि नाव. मग युनिट. युनिट!

एक आत्या आल्या होत्या रडत. मोठ्या शहरातल्या दवाखान्यातला रिपोर्ट ४.८, आठ दिवस इंजेक्शनं झाली आणि आमचा रिपोर्ट ३०. "सहापट वाढलंय, पोरगं हातचं चाललं." दोन्ही कागद शेजारी ठेवले. तिकडचा होता मिलिग्रॅम पर डेसिलिटरमध्ये आणि आमचा मिलिग्रॅम पर लिटरमध्ये. डेसिलिटरच्या आकड्याला १० नं गुणायचं, म्हणजे ४.८ चे झाले ४८. पोराचं सीआरपी ४८ वरून ३० वर उतरलं होतं आणि त्या रात्रभर जागल्या होत्या. ऊसतोडीला गेलेल्या घरांत हे नेहमी होतं, कारखान्यावर असताना एक रिपोर्ट, गावी आल्यावर दुसरा, आणि दोन्हींवरच्या त्या बारीक अक्षरांकडं कोणाचं लक्षच जात नाही.

मग पद्धत बघा. स्लाइडवर लेटेक्सनं केलेली टेस्ट फक्त "पॉझिटिव्ह" किंवा "निगेटिव्ह" सांगते, साधारण ६ च्या वर गेलं की पॉझिटिव्ह. कोरोनानंतर लोकांच्या डोक्यात पॉझिटिव्ह म्हणजे एखादा आजार सापडला असं बसलंय. इथं त्याचा अर्थ एवढाच की सीआरपी ६ पेक्षा जास्त आहे. वरून या स्लाइडचं एक विचित्र आहे, सीआरपी फारच जास्त असेल तर ती निगेटिव्हही दिसू शकते. मग सॅम्पल पातळ करून परत बघावं लागतं. माणूस अंगानं फणफणलाय आणि स्लाइड निगेटिव्ह, असं झालं तर लॅबला सरळ म्हणा, डायल्यूट करून बघा, नाहीतर मशिनवर आकड्यात करून द्या.

मग त्या लॅबची रेंज. कोणाची ५ पर्यंत, कोणाची ६, कोणाची १०. आणि सगळ्यात शेवटी आकडा.

टप्पा ७: आकड्यातून किती काढायचं

मिलिग्रॅम पर लिटरमध्ये बोलतोय. १० च्या खाली बहुतेक वेळा विशेष काही नाही. १० ते ४० मध्ये काहीही असू शकतं, व्हायरल ताप, वाढलेलं वजन, बिडी-सिगारेट, हिरड्या, जुना संधिवात. १०० च्या वर गेलं की जंतूच्या मोठ्या संसर्गाची शक्यता बरीच वाढते, पण मलेरिया, मोठा अपघात, स्वादुपिंडाचा दाह यातही शंभरी पार होते. मधला ४० ते १०० चा पट्टा सगळ्यात अवघड, तिथं आकड्यानं नाही, माणूस तपासूनच ठरतं.

१०० च्या वर ईएसआर मात्र सोडून देऊ नका. टीबी, हाडातला संसर्ग, किडनीचा आजार, मायलोमासारखा रक्ताचा कॅन्सर, असलं काहीतरी शोधावंच लागतं.

दोनचार आकड्यांचा फरक मोजू नका. ६ चा ८ झाला, ८ चा ५ झाला, एवढी हालचाल धडधाकट माणसातही होत राहते.

टप्पा ८: परत करायची असेल तर

त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं. आपण पावसाळ्यात जायकवाडी किती टक्के भरलं एवढंच विचारत नाही, आवक वाढली का घटली तेही विचारतो, तसंच इथं. औषध लागू पडलं तर दोनतीन दिवसांत सीआरपी ठळक उतरतं, म्हणून रोज करून फायदा नाही आणि दुसऱ्या दिवशीच "कमी का नाई झालं" म्हणून डॉक्टर बदलण्यात तर अजिबात नाही. ईएसआर दोनतीन आठवडे झाल्याशिवाय परत करूच नका.

थांबा: सीआरपी नॉर्मल झालं म्हणून टीबीचं, संधिवाताचं किंवा हाडाच्या संसर्गाचं औषध मधेच बंद करायचं नाही. कोर्स डॉक्टरांनी सांगितला तेवढा पुरा करायचा.

टप्पा ९: या टेस्ट काय सांगत नाहीत

टीबी सांगत नाहीत. दोन आठवडे खोकला असेल तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

डेंग्यू सांगत नाहीत. त्याच्या टेस्ट वेगळ्या, पहिल्या पाच दिवसांत एनएस-वन, पुढं आयजीएम, आणि प्लेटलेट. डेंग्यूत सीआरपी बऱ्याचदा थोडंच वाढतं, त्यामुळं "सीआरपी १५ च आहे, साधा ताप" म्हणून घरी बसलेला माणूस चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरता उतरता गंभीर होऊ शकतो.

संधिवातही ठाम सांगत नाहीत. रूमॅटॉइडचं, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या संधिवाताचं, निदान करायला २०१० चे जे निकष आहेत, त्यात १० पैकी ६ गुण लागतात, आणि सीआरपी किंवा ईएसआर वाढलेला असण्याला फक्त १ गुण आहे. बोटं सकाळी तासभर आखडतायत, सुजलीयत, आणि सीआरपी नॉर्मल आहे, तरी संधिवाताच्या डॉक्टरांकडं जायचं. ल्युपसमध्ये (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) तर आजार भडकलेला असताना ईएसआर वर आणि सीआरपी जवळजवळ नॉर्मल असं नेहमी दिसतं, आणि तिथं सीआरपी एकदम उसळलं तर उलट संसर्गाची शंका घेतात. हेच ते झोपलेलं कुत्रं. लिव्हर फार खराब झालेल्या माणसातही तेच, सीआरपी बनवणारा कारखानाच मंद पडलेला.

टप्पा १०: टेस्टची वाट बघायचीच नाही अशी वेळ

दम लागतोय, माणूस बरळतोय किंवा फारच झोपाळलाय, लघवी कमी झालीय, हातपाय गार पडलेत, बाळ दूध ओढत नाही, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे. यातलं काही असेल तर माझ्या खिडकीपाशी थांबू नका, १०८ ला फोन लावा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. रक्त तिथंही काढतात.

जाताना जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत घ्या, तारखेप्रमाणं लावून, चालू गोळ्यांच्या पट्ट्यांसकट. मोबाईलमधला फोटो चालतो, पण युनिट दिसेल असा काढा, नुसत्या आकड्यावर झूम केलेला नको.